नानांची गाडी, अक्कांचं डोकं

समस्त जळगावकरांना, आणि त्यातही आमच्या कॉलनीत ज्यांची पहाटेची झोप वर्षानुवर्षं उडाली त्या सर्वांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की वसंतनानांच्या गाडीचा सायलेन्सर अखेर भंगारात गेला. त्याच्या पाठोपाठ गाडीही गेली. नाना स्वतः ठणठणीत असून सध्या मुलाकडे नाशकात राहतात आणि तिथल्या इमारतीच्या लिफ्टला कान लावून तिच्या पोटात काय बिघडलं आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तरी कोणी सांत्वनाचे मेसेज पाठवू नयेत. पाठवायचेच असतील तर त्या इमारतीतल्या लोकांना पाठवावेत.

नाना आमचे शेजारी. एस.टी.त कंट्रोलर होते. म्हणजे स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या. निवृत्तीच्या दिवशी माइक त्यांनी तिथं ठेवला, पण आवाज बरोबर आणला. घरात चहा मागायचा तरी तीन घरं पलीकडं कळायचं. भिंतीला भिंत लागून असल्यामुळं आम्हाला आमच्या घरातल्यापेक्षा त्यांच्या घरातल्या घडामोडी जास्त माहीत असायच्या. बाजारात निघाले की फाटकात उभे राहून आत वळून सांगत, "मी निघतोय! कोणाचं काही राहिलं असेल तर आत्ताच बोला!" अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणत, "पिशवी राहिली तुमची." नाना ते ऐकायचे नाहीत. त्यांचे कान यंत्रांसाठी राखीव होते.

हा त्यांचा खास गुण. कुठल्याही यंत्राचा आजार आपण नुसत्या आवाजावरून ओळखतो, अशी त्यांची खात्री होती. "मशीन खोटं बोलत नाही. खोटं माणसं बोलतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हातानं कुठलं इंजिन उघडलेलं नव्हतं. पण तपासणारा हात घाण करत नाही, ते काम दुसऱ्याचं, असं ते मोठ्या सर्जनच्या थाटात सांगत.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट स्टँडवरची जुनी माणसं अजून सांगतात. एरंडोलकडून आलेली एक गाडी फलाटाला लागत होती. नानांनी खिडकीतून कान दिला आणि थेट माइकवरून, सगळ्या प्रवाशांसमक्ष जाहीर केलं, "ड्रायव्हर, गाडी पुढं नेऊ नका! गिअरबॉक्स गेलेला आहे!" प्रवासी उतरले. ड्रायव्हर उतरला. मेकॅनिक आला, अर्धा तास गाडीखाली झोपला आणि हात झाडत बाहेर आला. मग कंडक्टरला मागच्या सीटखाली त्याचा स्टीलचा जेवणाचा डबा सापडला. वळणावर तोच गडगडत होता. सगळे हसले. नाना मात्र शांत.

"डबा गडगडला, मान्य," ते म्हणाले. "पण डबा का गडगडला? गिअरबॉक्स हादरतोय म्हणून!"

अशा माणसाला निवृत्तीनंतर जुनी गाडी घ्यायची बुद्धी व्हावी, यातून काय ते समजा. कुणा डॉक्टरांची वापरलेली, लांब डिकीची, दुधी रंगाची गाडी त्यांनी घेतली. नवी गाडी का नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "नवी गाडी बोलते कुठं? तिला काय ऐकायचं?"

ही गाडी मात्र बोलायची. पहाटे थंड असताना चालू केली की पुढून फट्फट्फट्फट् असा आवाज यायचा आणि कॉलनीतली कुत्री त्याला उत्तर द्यायची. इंजिन तापलं की आवाज जरा बसायचा. जाणकाराला एवढ्यावरून कळावं. एक्झॉस्टच्या पाइपाला इंजिनाजवळ कुठं तरी फट पडली की असंच होतं. थंडीत फट उघडी, लोखंड तापून फुगलं की थोडी मिटते. नानांचं निदान वेगळं होतं. ते म्हणाले, "तिला सकाळचा खोकला आहे. वय झालं की होतो."

अजिंठा चौफुलीच्या बाजूला रफिकभाईंचं गॅरेज. रफिकभाईही आवाजानं नानांना हार जाणारे नव्हते आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्यांच्याही मनात शंका नव्हती. दोघं भेटले की आजूबाजूची गिऱ्हाईकं आपली गाडी विसरून ऐकत बसायची. एकदा मीही बरोबर होतो. रफिकभाईंनी ओलं फडकं घेतलं, मागच्या नळकांड्याच्या तोंडावर दाबून धरलं आणि मला म्हणाले, "सुनो साहब." फडक्यानं बाहेरची वाट बंद झाल्यावर कोंडलेला धूर जिथून जागा मिळेल तिथून फुसफुसत निघाला. एक फुसकारा पुढून, एक मधून, एक पार मागून, डिकीच्या खालून. सापांचं संमेलन भरल्यासारखं.

"नाना, खोकला नहीं, पाइप फटा है. तीन जगह. पूरी लाइन बदलो."

"फाटलाय तो मलाही ऐकू येतो, रफिकभाई. पण का फाटला?"

"गंज लगा!"

"पण गंज का लागला?"

रफिकभाईंनी फडकं टोपलीत फेकलं. "पुरानी है, नाना! आप भी पुराने हो, मैं भी पुराना हूँ!"

"म्हणून काय मला पूर्ण बदलणार?" नाना म्हणाले आणि गाडी घेऊन घरी आले.

मग नानांनी पहिल्यांदा आपले हात घाण केले. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापला, पाइपाच्या पुढच्या फटीवर गुंडाळला, तारेनं आवळला. आवाज निम्मा झाला. मधल्या भोकावर कसलीशी पुट्टी लावली, आवाज आणखी कमी झाला. नळकांड्याचं शेवटचं टोक गतिरोधकावर लोंबकळून घासायचं, ते त्यांनी करवतीनं कापूनच टाकलं. डिकीखालच्या भोकाकडं त्यांनी लक्ष दिलं नाही, कारण ते फारसा आवाज करत नव्हतं. जे बोलत नाही ते नानांच्या लेखी आजारी नव्हतं. आता पुढच्या वाटा बंद, शेपूट कापलेलं. त्यामुळं सगळा धूर निमूटपणे डिकीखाली जमायला लागला. कॉलनीला झोप मिळाली. आम्ही सत्यनारायण घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

इथं अक्कांचं डोकं येतं.

नानांची बहीण धुळ्यात. ताराबाई. देवपुरात घर, बोलणं अस्सल अहिराणी, आणि भावावर जीव. नाना सणावाराला, कार्याला धुळ्याला जायचे ते असोद्याच्या भावाच्या शेतातला केळीचा घड घेऊनच. घड अख्खा. मी एकदा सुचवलं, "नाना, फण्या काढून पेटीत भरा ना." त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी जणू बहिणीला भिकारीण म्हणालो. "फण्या तोडून न्यायला मी काय हातगाडी लावणार आहे? बहिणीच्या दारात घड उतरतो तो दांड्यासकट!" दांड्यासकट घड डिकीत मावत नाही. मग डिकीचं झाकण अर्धवट उघडं, दोरीनं बांधलेलं, आणि घडाचं टोक बाहेर. पुढं नाना स्टिअरिंगवर, शेजारच्या सीटवर त्यांची हत्यारांची पिशवी आणि चहाचा थर्मास, मागच्या सीटवर अक्का. हायवेला कामं चाललेली, धूळ म्हणून काचा सगळ्या बंद.

आणि पारोळा आलं की अक्कांचं डोकं दुखायला लागायचं.

धुळ्याला पोचेपर्यंत त्या पांढऱ्या पडायच्या. ताराबाई दारात ओवाळायला उभ्या, आणि अक्का "जरा पडते हं" म्हणून सरळ मागच्या खोलीत, कपाळाला बाम, डोळ्यांवर पदर. संध्याकाळी उठायच्या. मग परतीचा प्रवास. केळी धुळ्यात उतरलेली, डिकी बंद, आणि अक्का जळगावपर्यंत अगदी टवटवीत, वाटेत ढोकळा खात.

आता तुम्हाला सगळं कळलंच असेल. पण तुम्ही धुळ्याला राहत नाही, तुमची ती नणंद नाही, आणि तुम्ही तिच्या मागच्या खोलीच्या बंद दाराकडं बघत एकट्यानं पुऱ्या तळलेल्या नाहीत. नातेवाइकांनी जे जुळतं तेच जुळवलं. जाताना दुखतं, येताना थांबतं, याचा दुसरा अर्थ काय निघणार? नणंदेकडं जायचं म्हटलं की भावजयीच्या डोक्यात कळ उठते, हे सांगायला यंत्र कशाला लागतं?

अक्का सावद्याच्या. मुळात कमी बोलणाऱ्या. त्या म्हणायच्या, "मागं धुराचा वास येतो." नाना म्हणायचे, "हायवे आहे. ट्रक आहेत. अत्तराचा वास येणार का?" त्या डॉक्टरांकडं गेल्या. डोळे तपासले, रक्तदाब तपासला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल रिपोर्टासारखी वाईट गोष्ट नाही. आजार निघाला असता तर बाई सुटली असती. नानांनी रिपोर्ट वाचून जाहीर केलं, "मशीन खोटं बोलत नाही!" म्हणजे कोण खोटं बोलतं, ते भिंतीपलीकडं आम्हालाही कळलं.

खरी गंमत ही की रफिकभाईंना पाइपाचं भोक माहीत होतं, अक्कांचं डोकं माहीत नव्हतं. डॉक्टरांना डोकं माहीत होतं, भोक माहीत नव्हतं. गाडीतलं तेव्हा काही न कळणारा मी सोडलो, तर दोन्ही माहीत असलेला अख्ख्या जळगावात एकच माणूस होता, आणि तो कान लावून बसला होता.

मग ताराबाईंच्या मुलाचा साखरपुडा ठरला. घरातलं पहिलं कार्य. फोन आला तो नेहमीप्रमाणं नानांनी स्पीकरवर टाकला. मी त्यांच्याच ओट्यावर पेपर वाचत होतो.

"दादा, औंदा मना पोरना साखरपुडा शे," ताराबाईंचा आवाज आला. "मामा-मामीनं पाटवर बसानं शे, बठ्ठा गाव देखी. वहिनी औंदाबी मांगनी खोलीमा जाईसन बाम लावतीन, तर मी समजसू मनं माहेर सरनं."

माहेर संपलं, असं म्हणून बहिणीनं फोन ठेवला. अक्का दारात उभ्या होत्या, हातात निवडायची मेथी. त्यांनी सगळं ऐकलं. मेथीची एक काडी तोडली, एक तोडली, आणि आत निघून गेल्या. संध्याकाळी माझ्या बायकोला म्हणाल्या, "यंदा मी उभ्यानं मरीन, पण आडवी होणार नाही." त्यात चेष्टा नव्हती.

नानांचं तेव्हा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून गाडी चालवायला मला बोलावलं. सकाळी घड डिकीत चढला, दोरी बांधली. अक्का मागचं दार उघडणार तोच नानांनी हात वर केला. मला तो हात ओळखीचा झाला होता. काहीतरी जाहीर होणार होतं.

"थांब! आज तू पुढं बस. मागं मी बसतो. दुखायचंच असेल तर ते पुढंही दुखेल. आज निकालच लागू दे!"

"लागू द्या," अक्का म्हणाल्या आणि पुढं बसून त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

"धूळ येईल!"

"येऊ द्या. धूळ पुसता येते."

मला कानाशी वारा लागत होता, अक्का बाहेरची कपाशी बघत होत्या. एरंडोलपर्यंत नाना मागून रस्त्यातल्या प्रत्येक गाडीचं निदान करत होते. "याचा बेअरिंग गेला. याचा बेल्ट." एरंडोल सोडल्यावर त्यांची वाक्यं लांबली. मग आखूड झाली. पारोळ्याला चहाला थांबू का विचारलं तर नुसतं "हं" आलं. मी आरशात पाहिलं. नाना, ज्यांचा आवाज स्टँडवर माइकशिवाय पोचायचा, ते डोकं काचेला टेकवून तोंड उघडं टाकून बसले होते.

"नाना, बरं आहे ना?"

"उत्तम," असं ते म्हणाले. एस.टी. चार तास उशिरा आहे हे सांगायचे तेव्हाही ते याच सुरात 'थोड्याच वेळात' म्हणायचे.

मी गाडी बाजूला घेतली, चारी काचा खाली केल्या. अक्कांनी मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दुखतंय का हो?" त्यांनी विचारलं. एवढी वर्षं हा प्रश्न ज्या बाईला कुणी धड विचारला नव्हता, तिनं तो इतक्या गोड आवाजात विचारला की मी रस्त्याकडं बघायला लागलो.

"पारोळ्याचा चहा बाधला," नाना म्हणाले.

चहा आम्ही प्यालोच नव्हतो.

देवपुरात मांडव घातलेला. ताराबाई ताट घेऊन दारात, नजर थेट अक्कांवर. अक्का खाली उतरल्या, पदर नीट केला, आणि ताठ उभ्या राहिल्या. ताराबाईंचा चेहरा उजळला. तेवढ्यात मागचं दार उघडलं, नाना उतरले, मांडवाच्या खांबाला धरलं, "जरा पडतो हं," म्हणाले आणि सरळ मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं आतून बामाचा वास आला.

ताराबाईंच्या हातातलं ताट कललं. "दादा! आते तुलेबी मनं घर गोड लागस नही का?"

आलेल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. धुळ्यात ही बातमी जेवणाआधी पसरली असती. मी घाईघाईनं घड उतरवायला गेलो, निदान काहीतरी शुभ दिसावं म्हणून. ताराबाई मागं आल्या, केळ्यांवर हात फिरवला आणि बोटं काळी झाली.

"तुम्हनी जळगावनी केळीच अशी," त्या वैतागून म्हणाल्या. "दर खेपेले धुई धुईसन हात काळा व्हतस. काजळी देखा कशी!"

मी घडाकडं पाहिलं. डिकीतला भाग काळा, बाहेरचं टोक स्वच्छ. मग डिकीत डोकं घातलं. मागच्या सीटच्या पाठीवर, फटीफटीतून, त्याच काजळीचे ओघळ गेले होते. जळगावात तीन जणांच्या हातून निसटलेलं उत्तर धुळ्यात दर सणाला साबणानं धुतलं जात होतं.

"नाना!" मी ओरडलो. "बाहेर या! आवाज ऐका!"

'आवाज' म्हटल्यावर ते बामासकट बाहेर आले. मी इंजिन चालू केलं. नानांनी स्वतः फडकं मागितलं, ओलं केलं, ताराबाईंच्या पुतण्याला नळकांड्याच्या तोंडावर धरायला लावलं. मग साबणाचं पाणी मागितलं आणि नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरले. साखरपुड्याला आलेली मंडळी मांडव सोडून गाडीभोवती जमली. डिकीखाली पाणी ओतताच फेसाचे बुडबुडे असे उठले की कुणीतरी भांडी घासायला काढली आहेत असं वाटावं. डिकीच्या पत्र्यालाही तिथंच गंजून फट पडलेली. धूर खालून डिकीत, झाकण उघडं असलं की मागच्या वाऱ्याच्या ओढीनं डिकीतून सीटमागून आत, आणि आत बसलेल्या माणसाच्या डोक्यात.

मला त्या क्षणी हसू येत होतं, तरी मी आधी इंजिन बंद केलं. तो धूर नुसतं डोकं दुखवून थांबतो असं नाही. एखाद्या खेपेला मागच्या सीटवरचं माणूस झोपलं असतं आणि धुळ्याला उठलंच नसतं, तरीही नातेवाईक म्हणाले असते, नणंदेकडं जायचं नव्हतं ना.

गाडीखालून नानांचे फक्त दोन पाय दिसत होते, एका चपलेतून पाऊल निघालेलं. सगळे वाट बघत होते की आता आतून जाहीर होणार: पण गंज का लागला? त्याऐवजी त्या खालून, मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक आवाज आला.

"तारा, हिचं काही नव्हतं गं. माझंच भोक होतं."

नाना म्हटलं की मला आता तेच दिसतं. साबणाच्या पाण्यात भिजलेले दोन पाय आणि आयुष्यात पहिल्यांदा जवळच्या माणसापुरता निघालेला आवाज.

ताराबाई पुढं आल्या. काळ्या बोटांनीच त्यांनी अक्कांचा हात धरला. डोळे भरलेले.

"म्हंजे वहिनी, तुम्हनं डोकं खरंच दुखे? मना घर येवाना कटाळा नही व्हता तुम्हले?"

सगळा मांडव अक्कांकडं बघत होता. एवढ्या वर्षांचा आरोप पुसला गेला होता. आता फक्त हसून मान हलवायची होती. अक्कांचंही डोकं त्या दिवशी फार दिवसांनी धुळ्यात स्वच्छ होतं, आणि स्वच्छ डोक्यानं त्यांच्या तोंडून फटकन निघून गेलं,

"कंटाळा तर होताच हो, ताराबाई! पण डोकं गाडीमुळंच दुखायचं!"